चष्मा पुसला की घरी जायचं

माझ्या मामांचा धंदा काय, असं कुणी विचारलं की आमच्या घरात सगळे एकदम खिडकीबाहेर बघायला लागायचे. माझी आई सांगायची, "खुर्च्या भाड्यानं देतो." ते खोटं नव्हतं. फक्त त्या खुर्च्यांवर बसायला माणसंही मामाच द्यायचे, हे ती सांगायची नाही.

सुरुवात खुर्च्यांपासूनच झाली होती. सभा असो, दुकानाचं उद्घाटन असो की शाळेचा बक्षीस समारंभ, खुर्च्या मामांच्या. सगळ्यांच्या आधी येऊन त्या मांडायच्या आणि सगळे गेले की गोळा करायच्या, असं काम. स्वतः खुर्चीवर बसायचं नाही, हा त्यांचा नेम. कोपऱ्यात उभं राहायचं. "हलवायानं मिठाई खात बसू नये," म्हणायचे. पण उभं राहून राहून त्यांना एक दुखणं जडलं. रिकामी खुर्ची त्यांना बघवेना. एका चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही आणि दुकानदार रडकुंडीला आला, तेव्हा मामा कोपऱ्यातून निघाले, आपल्या चाळीत गेले आणि जिन्यात भेटेल त्याला धरून आणलं. चाळकरी बसले. ते बसलेले बघून रस्त्यावरचे थांबले. थांबलेले बघून आणखी थांबले. तासाभरात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यात आपल्या पायात चप्पल असताना चप्पल घेऊन बाहेर पडलेले माझे वडीलही होते. "एवढे लोक घेतायत म्हणजे काहीतरी असेल," असं ते घरी येऊन म्हणाले. आपल्या मेव्हण्यानंच ती गर्दी आणली आहे हे त्यांना कळलं तेव्हा ती चप्पल त्यांना चावायला लागली.

त्या दिवसापासून लोक मामांना विचारू लागले, "खुर्च्यांबरोबर माणसंही होतील का?" मामा पडत्या फळाची आज्ञा मानणारे. ते हो म्हणाले, आणि गावभर गर्दीमामा झाले.

मी मामांच्या बाजूची नाही, हे आधीच सांगून टाकते. शिकायला म्हणून मी त्यांच्याकडे राहिले, त्यांचं मीठ खाल्लं, पण हा धंदा मला कधी पटला नाही. तरी एक कबूल करायला हवं. त्या माणसाला गर्दी कळायची. इतर लोक ट्रक भरून माणसं आणत, एकसारख्या टोप्या घालत आणि एका सुरात ओरडायला लावत. मामा असल्या गर्दीला 'भिंत' म्हणायचे. त्यांच्या मते खऱ्या गर्दीत एक तरी माणूस उशिरा यायला हवा. एकानं तरी "काय चाललंय हो इथे?" असं विचारायला हवं. एकजण विरोधात हवा, आणि बाकीच्यांनी त्याला गप्प करायला हवं. एका बाईच्या हातात भाजीची पिशवी हवी आणि पिशवीत भाजी खरी हवी. "कागद कोंबलेली पिशवी शेंबड्या पोरालाही कळते," असं ते ओरडायचे, आणि मग त्या दिवशी आमच्याकडे तीच भाजी व्हायची.

त्यांची माणसंही एकेक नमुना होती. एक रडक्या आजी होत्या. त्यांना कुठलंही दुःख सांगा, कुणाचंही, त्या भरल्या डोळ्यांनी उभ्या. एका साबण कंपनीसाठी तर त्या बसमध्ये शेजारणीचा हात हातात घेऊन "अगं बाई, किती मऊ झालेत हे!" असं म्हणत रडल्या होत्या, आणि अख्ख्या बसनं तो साबण घेतला. आमच्याकडेही आला. त्यानं हातांना खाज सुटली ती वेगळी.

दुसरे घोषणाकाका. आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली झोपलेली मुलं उठावीत. एका निवडणुकीत सकाळी एका पक्षाची सभा आणि दुपारी दुसऱ्याची, असा बेत होता. काकांनी उन्हाच्या गुंगीत दुपारच्या व्यासपीठासमोर सकाळच्या नेत्याचा जयजयकार केला. सभा गार पडली. मामा मागून पुढे आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, जुनी सवय आहे. हे आजच तो पक्ष सोडून आपल्याकडे आलेत." नेत्यानं स्वतःच्या गळ्यातला हार काढून काकांच्या गळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, आणि काका पुढे कितीतरी दिवस सभेत पहिल्या रांगेत बसायचा हट्ट करायचे.

आणि खूण. ही नीट सांगते, कारण पुढे सगळं तिच्यावरच आलं. गर्दी जमवणं सोपं असतं, ती वेळेवर पांगवणं अवघड. "चला, झालं" असं ओरडलं की बिंग फुटतं. म्हणून मामा समोर येऊन उभे राहायचे, चष्मा काढायचे आणि रुमालानं पुसायचे. चष्मा पुसला की घरी जायचं. त्यांची माणसं इतकी तयार झाली होती की बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून वळायची. घोषणेतला 'झिंदा' झाला आणि 'बाद' राहिला, असंही एकदा घडलं आहे. त्यामुळे घरात मामा कधी चष्मा पुसायचे नाहीत. डाग पडला तर मामींकडे द्यायचे. सवय मोडायची नाही, म्हणायचे.

त्यांचा दुसरा नेम असा की विषय विचारायचा नाही. जागा सांगा, वेळ सांगा, फलकावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही लिहून आणा. "आचारी विचारतो का, जेवण कशाचं आहे?" असं ते म्हणायचे. मामी त्यावर म्हणायच्या, "विचारत नसेल, पण मीठ चाखून बघतो की नाही?" मामा मग पेपर वाचायला लागायचे.

मामी सरकारी दवाखान्यात नर्स. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर एक बाकडं आणि पावसात गळणारं छत. डॉक्टर आठवड्यातून कधीमधी यायचे, बाकी सगळं मामीच. जखम बांधणं, ताप बघणं, प्रेशर मोजणं, म्हाताऱ्यांना गोळी जेवणाआधी की नंतर ते पुन्हा पुन्हा सांगणं. मोठं इस्पितळ हमरस्त्याच्या पलीकडे होतं, आणि तो रस्ता ओलांडायचा म्हणजे धडधाकट माणसानंही एकदा घरच्यांना आठवून घ्यावं असा. मामी कमी बोलायच्या. जे बोलायच्या ते दवाखान्याबद्दल. जेवताना आम्हाला कुणाच्या गळवाची हकीकत ऐकावी लागे.

एकदा सुटाबुटातला एक एजंट मामांकडे आला. नागरिकांच्या कुठल्याशा मंचाचा म्हणाला, मंच म्हणजे तो एकटाच होता. सरकारी भूखंडासमोर निदर्शनं हवी होती. त्यानं भूखंडाचा क्रमांक सांगितला. मामांनी नेमाप्रमाणे विषय विचारला नाही. ते अशा कामाला शेवटी यायचे, फक्त चष्मा पुसायला.

त्या दिवशी मी मामींना डबा द्यायला दवाखान्यात गेले होते. मामी एका माणसाच्या टाचेला पट्टी बांधत होत्या. बाहेर गलका झाला म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिलं. समोर अर्धी गल्ली उभी होती. हातात फलक होते, दवाखाना हटवा, बाजार आणा. घोषणाकाका मानेच्या शिरा ताणून विचारत होते, "काय पाहिजे?" आणि मामींनी लहानपणापासून टोचलेली माणसं ओरडत होती, "बाजार पाहिजे!" रडक्या आजी भाजीची पिशवी घेऊन, ताजी भाजी इथे मिळत नाही म्हणून, हुंदके देत होत्या. पिशवीतून ताजी भाजी डोकावत होती.

मामींनी पट्टीची गाठ मारली. 

तेवढ्यात मामा आले. ते कोपऱ्यावरून वळले, इमारत पाहिली, फलक वाचला आणि खिडकीत बायको पाहिली. त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी असा घाईघाईनं चष्मा ओढला की एक काडी कानामागेच अडकली. गर्दीला नुकता कुठे रंग चढला होता, पण खूण म्हणजे खूण. सगळे गप्प होऊन पांगले. फोटोवाला नुकताच गाडीतून उतरत होता. एजंट मामांच्या अंगावर धावून गेला, आणि मामा रुमाल हातात धरून नुसते उभे राहिले.

खरी गंमत पुढे. पांगलेले सगळे घरी गेले नाहीत. निम्मे वळून दवाखान्यात आले, कारण एवीतेवी आलोच आहोत तर. घोषणाकाकांना घशाला गोळी हवी होती. रडक्या आजींनी फलक दारामागे उलटा करून ठेवला आणि म्हणाल्या, "जरा प्रेशर बघता का? ओरडून डोकं जड झालंय." मामींनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि फुगवला. जरा जास्तच फुगवला असं मला वाटलं. मग म्हणाल्या, "वाढलंय. मीठ कमी करा. आणि ओरडणंही."

संध्याकाळी मामा जेवायला बसले तेव्हा मामींनी ताट वाढलं आणि त्या उभ्याच राहिल्या.

"अगं, मला विषय माहीत नव्हता," मामा म्हणाले.

"या घरात इतकी वर्षं एकच विषय आहे," मामी म्हणाल्या. "तो तुम्हाला माहीत नाही?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मामांनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एजंटाचं काम सोडलं. पण बाण सुटला होता, एजंटानं लोकांच्या नावानं अर्ज आधीच वर पाठवला होता. लोकांचीच मागणी आहे म्हटल्यावर दवाखाना बंद करायचा का यावर सुनावणी लागली. शाळेच्या सभागृहात एक अधिकारी बाई येणार, लोकांचं ऐकणार आणि वर कळवणार.

मामींनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं. ड्युटी संपली की त्या दारोदार फिरल्या. मामा घरात अस्वस्थ येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "तू कशाला पाय तुडवतेस? मी भरतो सभागृह. फुकट. असं भरतो की बाई बघत राहतील."

"तुमचं एक माणूस नको मला."

"का? माझी गर्दी काय पुठ्ठ्याची असते? माणसं खरीच असतात. फक्त कारण भाड्याचं असतं."

"मग आता खऱ्या कारणालाही लोक भाड्याचंच म्हणणार. तुम्ही तिथे दिसलात तरी माझं सगळं खोटं ठरेल. पाऊल ठेवायचं नाही तुम्ही."

"खुर्च्या माझ्या आहेत," मामा बारीक आवाजात म्हणाले. "मांडणार कोण?"

"मांडा आणि जा."

मामांनी मांडल्या, पण गेले नाहीत. सभागृहाच्या मागच्या खांबाआड उभे राहिले. पोट खांबाच्या बाहेर दिसत होतं, पण तेवढं चालायचंच.

लोक आले. मामींच्या शब्दाखातर आले, आणि अडचण अशी की ते तेच लोक होते. दुसरे आणायचे कुठून? गल्लीतला जो तो कधी ना कधी मामांच्या गर्दीत उभा राहिलेला. एवढ्या वर्षांत ते इतके तरबेज झाले होते की न सांगताच एकजण उशिरा आला, एकानं "काय चाललंय हो इथे?" विचारलं, आणि भाजीची पिशवी घेऊन बाई पुढे बसली. मला घाम फुटला. इतकी खरी गर्दी मी कधी पाहिली नव्हती आणि ती इतकी खोटीही कधी दिसली नव्हती.

एजंटानं नेमकं तेच धरलं. "मॅडम, या बाईंच्या यजमानांचा धंदाच माणसं पुरवण्याचा आहे. ते बघा, खांबामागे उभेच आहेत."

अधिकारी बाईंनी खांबाकडे पाहिलं. मामांनी पोट आत ओढलं. "यजमानांचं नंतर बघू," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "बाई, तुम्ही बोला."

मामींच्या हातात कागद नव्हता. त्या म्हणाल्या, "साहेब सांगतायत ते खरं आहे. यांतले निम्मे लोक त्या दिवशी दवाखाना हटवा म्हणून ओरडत होते. ओरडून झालं आणि घसा दुखला म्हणून आत आले. मी गोळ्या दिल्या. मला त्यांचा राग आला नाही असं नाही, आला. पण मग मी विचार केला, हे लोक बिनघोर ओरडले का? तर दार उघडं असणार हे त्यांना ठाऊक होतं. ज्याच्या नावानं शंख करावा आणि वर त्याच्याकडेच औषधाला जावं, असं गावात एक तरी ठिकाण असावं. त्या दिवशी ओरडणाऱ्यांना आणणारा माणूस माझ्या घरचाच होता. त्याचंही प्रेशर मीच बघते. पुढेही बघीन. फक्त त्यासाठी दोन खोल्या राहू द्या."

 खांबाआड मामांचे डोळे भरून आले. चार लोकांदेखत बायकोनं त्यांना आपलं म्हटलं होतं. त्यांना समोरचं दिसेना. ते नकळत एक पाऊल पुढे आले, चष्मा काढला आणि रुमालानं पुसला.

सगळे उठले.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पिशव्या उचलल्या, धक्काबुक्की न करता रांगेनं दाराबाहेर पडले. घोषणाकाकांनी जाताना खुर्ची जागेवर सरकवली. बघता बघता सभागृह रिकामं झालं. पुढे मामी उभ्या, आणि त्यांच्यासमोर मामांच्या खुर्च्या.

"हे काय झालं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"शिफ्ट संपली, मॅडम," एजंट म्हणाला आणि पोट धरून हसला.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. रागानंच आलं. मामा पांढरेफटक पडले होते. ते दाराकडे धावले, हाक मारायला तोंड उघडलं आणि तसेच थांबले. मला त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसलं, त्यांना काय कळलं ते. आता त्यांनी बोलावलं तर येणारी माणसं पुन्हा त्यांचीच असणार होती. शिवाय बोलवायचं तरी कसं? जायची खूण होती. परत यायची खूण त्यांनी कधी ठरवलीच नव्हती. आजवर कुणाला परत यायची गरज पडली नव्हती.

मग त्यांनी जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. ते पहिल्या रांगेत गेले आणि स्वतःच्या खुर्चीवर बसले. हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलासारखे. एवढ्या खुर्च्यांमध्ये एकटे. मामींकडे बघत म्हणाले, "तू बोल. मी आहे."

 

अधिकारी बाई कागद आवरू लागल्या, तेवढ्यात दारात रडक्या आजी दिसल्या. धापा टाकत आत आल्या आणि मामांच्या शेजारी धपकन बसल्या.

"तुम्हाला कुणी परत पाठवलं?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"कोण पाठवणार?" आजी वैतागून म्हणाल्या. "जिन्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, आज आपण कामावर नाही. पाय मेले आपोआप चालतात." मग त्या काहीतरी आणखी सांगायला गेल्या आणि त्यांना रडूच येईना. साबणासाठी रडणारी बाई. नुसता ओठ थरथरला, नाक वाहू लागलं आणि त्यांनी ते पदराला पुसलं. "माझं प्रेशर आहे," एवढंच म्हणाल्या.

मग दारात गर्दी झाली. आणि ती कसली गर्दी! सगळे एकदम घुसले. खुर्च्या उलटल्या, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला, "ही माझी जागा", "नाव लिहिलंय का?" अशी भांडणं लागली. विरोधात बोलायला कुणीच नव्हतं. उशिरा येणारा माणूस सगळ्यात आधी आत आला होता. भाजीची पिशवी चेंगरून फुटली. घोषणाकाका बोलायला उभे राहिले तर आवाज फुटेना, आणि अधिकारी बाईंना कानाला हात लावून ऐकावं लागलं. ते म्हणत होते की त्यांना रस्ता ओलांडायची भीती वाटते. हे त्यांनी घरातही कधी सांगितलं नव्हतं. मामा असल्या गर्दीचे कधी पैसे मागू शकले नसते.

अधिकारी बाईंनी टेबलावर हात आपटून शांतता मागितली, ती मिळाली नाही. एजंट म्हणाला, "मॅडम, हासुद्धा यांचाच बनाव आहे."

"मी पुष्कळ सभा पाहिल्यात," बाई म्हणाल्या. "भाड्याचे लोक एकमेकांच्या खुर्च्या ओढत नाहीत. बसा तुम्ही." त्याला बसायला खुर्ची उरली नव्हती.

दवाखाना राहिला. छतही दुरुस्त करून मिळालं, पहिल्या पावसात पुन्हा गळलं. मामांचा धंदा मात्र बसला. चष्म्याची गोष्ट गावभर झाली होती, आणि त्यांची माणसंही बिघडली. कामाला बोलावलं तर "विषय काय?" असं विचारू लागली. आता ते फक्त खुर्च्या देतात. एखादी रिकामी राहिली तर राहू देतात, पण मान फिरवून उभे राहतात.

रोज दवाखाना बंद व्हायच्या वेळेला ते मामींना आणायला जातात आणि बाहेरच्या बाकड्यावर रांगेतल्या लोकांमध्ये बसतात. परवा मी तिथे होते. मामी आत एका मुलाचे टाके काढत होत्या, ते पोर रडत होतं आणि मामी त्याच्याशी काहीतरी हळू बोलत होत्या. मामा ऐकत होते. त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी चोरासारखं डावीकडे उजवीकडे पाहिलं.

मामींनी दारातून पाहिलं होतं.

"अहो, पुसा की खुशाल," त्या म्हणाल्या. "इथून कुणी उठत नाही."